पडणारे बटण

घराबाहेरचे विजेचे बटण वारंवार पडू लागले म्हणजे माणसे कोणत्या क्रमाने चिडतात, हे आता आमच्या चांगलेच परिचयाचे झाले आहे. पहिल्या दिवशी ती विजेला दोष देतात, दुसऱ्या दिवशी वायरमनला आणि तिसऱ्या दिवशी त्या बटणालाच. चौथ्या दिवशी गावातला कोणी हुशार गृहस्थ येतो, बटणाच्या अलीकडची तार पलीकडच्या तारेला जोडतो आणि ‘आता डायरेक्ट केलंय, पडायचं नाव घेणार नाही’ असे सांगून चहा पिऊन जातो. त्याचे म्हणणे खरे ठरते. बटण पुन्हा पडत नाही. घराला बरे वाटते. नेमक्या या बरे वाटण्याविषयीच आम्हांला चार शब्द लिहावयाचे आहेत.

धर्मगुरूने धर्मोपदेश बाजूला ठेवून विजेच्या बटणांवर लेखणी चालवावी, याचे काही वाचकांस नवल वाटेल. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकविले, ईशज्ञान शिकविले. फ्यूज बांधावयास मात्र कोणी शिकविले नाही. तथापि ज्याच्या हाती एखाद्या धर्मग्रामाच्या किल्ल्या दिल्या जातात, त्याच्या पदरी गळक्या छपराबरोबर विहिरीचा पंप, सणाची रोषणाई आणि नाताळच्या गोठ्यावरील दिव्यांची माळ हीही येतात. चुकतमाकत नव्हे, तर जाणकार वायरमनच्या शेजारी उभे राहून आणि त्याला प्रश्न विचारून आम्ही यातले जे काही शिकलो, ते सारे घराघरांत उपयोगी पडणारे आहे.

त्यातला मोठा धडा आम्हांला उजनी धरणाच्या काठच्या गावांत मिळाला. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात भीमा नदीवर बांधलेले हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. एकूण साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट; पण त्यातील निम्म्याहून अधिक पाणी हे मृत साठ्यात मोडते. म्हणून उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत उजनीचा साठा ‘वजा’ इतके टक्के असा छापून येतो आणि नवख्या माणसाला शून्याहून कमी पाणी कसे असू शकते, याचा उलगडा होत नाही. करमाळा तालुक्यातील केत्तूर, जिंती, वांगी, कंदर या बाजूला गेल्यास काठावर ऊस आणि केळी यांची हिरवी भिंत दिसते. जलाशय कडेला पसरट आहे. पाण्याची पातळी थोडी उतरली, तरी पाण्याची कड दूरवर सरकते. मग शेतकऱ्याची मोटार पाण्यामागे जाते, मोटारीमागे पाइप जातो आणि पाइपाबरोबर केबलही चिखलातून, दगडांवरून, जोडामागून जोड देत पुढे पुढे सरकते. या मुलखात वीज घराच्या चार भिंतींत राहतच नाही. ती अंगणात आहे, गोठ्यात आहे, कडबाकुट्टीला आहे, बोअरला आहे आणि थेट पाण्याच्या कडेलाही आहे. जेथे वीज उघड्यावर राहते, तेथे ऊन, पाऊस, दव, उंदीर आणि मुंग्या हे तिचे रोजचे शेजारी होत. साहजिकच बाहेरचे बटण सर्वांत आधी पडते.

आता ‘बटण पडले’ असे आपण म्हणतो, तेव्हा तीन निरनिराळ्या पहारेकऱ्यांना एकाच नावाने हाक मारीत असतो. पहिला पहारेकरी एमसीबी. त्याचे काम तारेचे रक्षण करणे. तारेच्या ताकदीपेक्षा अधिक भार झाला, किंवा फेज आणि न्यूट्रल एकमेकांस भिडले, तर तो पडतो. दुसरा पहारेकरी मोटारीच्या स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले. तीन फेजपैकी एक गेला, दाब कमी झाला किंवा पंपात गाळ अडकला, की मोटार अधिक प्रवाह खेचते आणि जळू लागते. तिला वाचविण्यासाठी हा पडतो. तिसरा तो ज्याला लोक ईएलसीबी म्हणतात आणि ज्याच्या आजच्या रूपाचे नाव आरसीसीबी असे आहे. तो तारेचाही रक्षक नाही आणि मोटारीचाही नाही. तो माणसाचा रक्षक आहे.

त्याची रचना ऐकण्यासारखी आहे. फेजमधून जितका प्रवाह घराकडे जातो, तितकाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे, हा हिशेब तो अष्टौप्रहर तपासतो. दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून गेलेल्या असतात. जावक आणि आवक सारखी असली, तर त्यांचा परिणाम एकमेकांना पुसून टाकतो. थोडाही प्रवाह वाटेत गळून जमिनीत गेला, ओल्या भिंतीतून, पत्र्यातून, की कोणाच्या देहातून हे त्याला ठाऊक नसते, तरी हिशेबात तूट येते आणि ती तूट त्याची खिट्टी ओढते. घरगुती वापरातला रक्षक ३० मिलिअँपिअरच्या तुटीला पडलाच पाहिजे, असा बनविलेला असतो. आणि तोही एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत. आपल्या जुन्या १०० वॅटच्या पिवळ्या दिव्यातून सुमारे ४३५ मिलिअँपिअर प्रवाह वाहत असे. म्हणजे ज्या गळतीवर धड दिवाही लागत नाही, ती याला कळते.

इतकी बारीक गळती कशासाठी मोजावयाची, असा प्रश्न पडेल. याचे उत्तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डालझील यांच्या प्रयोगांत आहे. हातात धरलेली विजेची तार मनुष्याला स्वतःच्या इच्छेने कोठपर्यंत सोडता येते, हे त्यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या स्त्री-पुरुषांवर काळजीपूर्वक तपासले. पुरुषांच्या बाबतीत ती मर्यादा सरासरी १६ मिलिअँपिअरच्या आसपास आणि स्त्रियांच्या बाबतीत साडेदहाच्या आसपास निघाली. त्यापुढे स्नायू आखडतात, मूठ मिटते आणि तार सोडवत नाही. प्रवाह आणखी वाढला आणि काही वेळ टिकला, की हृदयाचा ताल बिघडतो. याच डालझील यांनी १९६१ साली गळती ओळखून क्षणार्धात वीज तोडणारे साधन तयार केले. आपल्या देशातही केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमांत अशा गळती-संरक्षक साधनाची तरतूद आहे. वाचकांनी येथे एवढे ध्यानी घ्यावे, की १६ अँपिअरचे एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणूस तारेला चिकटून राहिला, तरी त्या पहिल्या पहारेकऱ्याला काही झाल्याचे कळणारसुद्धा नाही.

करमाळ्याच्या बाजूच्या एका गावात, डिसेंबरच्या दिवसांत, आम्ही एका ओळखीच्या शेतकरी कुटुंबाकडे गेलो होतो. गोठ्याच्या भिंतीवर एक बोर्ड, त्यावर कडबाकुट्टीचा प्लग आणि एक दिवा. घरातले वडीलधारे आबा मोठ्या समाधानाने सांगू लागले, “फादर, ह्ये बटणच नासकं निघालं बघा. सकाळच्या पारी धारा काढायच्या टायमाला हटकून पडायचं. आता डायरेक्ट केलंया. आठ दिस झालं, काय म्हणून तरास न्हाय.”

दाराआडून सून म्हणाली, “मामा, पर त्या तारंला हात लावला की झिणझिण्या येत्यात, म्या सांगितलं न्हवं?”

“अगं, थंडीनं बोटं बधिर हुत्यात,” सासूबाईंनी आतून उत्तर दिले. “धुणं वाळत घालायला बी आता सबब पायजे व्हय?”

घरातली माणसे हसली. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. रोजच्या वापरातला निष्काळजीपणा होता. आम्ही मात्र त्या मुलीला विचारले, की कोणती तार, आणि केव्हा? तिने अंगणाकडे बोट दाखविले. गोठ्याच्या कोपऱ्यातील लोखंडी अँगलपासून लिंबाच्या झाडापर्यंत कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार ताणलेली होती.

आमच्या विनंतीवरून आबांनी त्याच संध्याकाळी आयटीआय शिकलेल्या एका वायरमनला बोलावून घेतले. पंचविशीतला, मितभाषी मुलगा. त्याने बटणाकडे पाहिलेसुद्धा नाही. आधी मेन स्विच खाली ओढला आणि सुनेला विचारले, “वहिनी, झिणझिण्या कवा येत्यात? दिसभर का ठराविक वक्ताला?”

“सकाळच्यालाच. ऊन वर आलं की न्हाई.”

“आन् आबा, बटण बी सकाळीच पडत हुतं न्हवं?”

आबा काही बोलले नाहीत. मग त्या मुलाने म्हशीकडे पाहिले. ती कोपऱ्यातील अँगलपासून दूर, दावे ताणून उभी होती. ‘आठ दिवस झाले, तिकडे जातच नाही, वैरण टाकली तरी जात नाही,’ असे घरातल्यांनी सांगितले. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर अधिक असते. जमिनीत प्रवाह मुरत असला, तर त्या दोन टोकांत दाबाचा फरकही अधिक पडतो. म्हणून माणसाच्या आधी गुराला तो कळतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे, दव पडलेले असतानाच तो पुन्हा आला. दुपारी आलो असतो तर काहीच सापडले नसते, असे तो म्हणाला. त्याने रक्षक बटणाची जोडणी पूर्ववत केली. सगळे प्लग काढले. बटण चढविले, पडले. म्हणजे दोष कुट्टीच्या मोटारीत नाही. मग त्याने गोठ्याकडे जाणाऱ्या केबलच्या दोन्ही तारा, फेज आणि न्यूट्रल, बोर्डातून सोडविल्या. बटण चढविले, राहिले. म्हणजे बटण नासके नाही आणि घरातले वायरिंगही चांगले आहे. उरली ती केबल. मेगर लावला, तर जेथे निदान एक मेगओहम दाखवावयास हवा, तेथे काटा जवळजवळ शून्यापाशीच राहिला. शिडी लावून तो वर चढला. केबल गोठ्याच्या पत्र्यावरून नेलेली होती आणि वाऱ्याने हलून हलून पत्र्याच्या धारेवर तिचे आवरण कापले गेले होते. दिवसा तांबे आणि पत्रा यांच्यात केसाएवढे कोरडे अंतर राही. पहाटे दवाने आणि धुळीने ते भरून निघे. पत्र्यातून अँगल, अँगलमधून जमीन आणि अँगलला बांधलेली ती कपड्यांची तार.

पायांत रबरी चपला होत्या आणि जमीन कोरडी होती, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पावसाळ्यात, अनवाणी पायांनी, पिळलेले ओले कपडे हातांत घेऊन ती मुलगी त्या तारेपाशी गेली असती, तर काय झाले असते, हे तो वायरमन बोलला नाही. बोलण्याची गरजही नव्हती. आबा ओट्यावर बसले. बऱ्याच वेळाने ते सुनेला म्हणाले, “पोरी, तू सांगत हुतीस.” त्यांनी एवढेच म्हटले, पण त्या घरात ते वाक्य यापूर्वी कोणी उच्चारले नसावे, असे तिच्या चेहऱ्यावरून आम्हांला वाटले.

उपाय फार मोठा नव्हता. केबल पत्र्यावरून काढून भिंतीवर पीव्हीसी पाइपातून नेली. बोर्ड वळचणीखाली, पावसाचे शिंतोडे पोहोचणार नाहीत अशा उंचीवर सरकविला. त्याला झाकण असलेली पेटी बसविली आणि केबल वरून न शिरविता खालून शिरविली, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी पेटीत न जाता खाली टपकेल. कुट्टीच्या मोटारीला आणि पत्र्यालाही अर्थिंगची तार जोडली. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात पाणी घालून ओलसर ठेवावयास सांगितले. कारण तिकडची काळी जमीन सुकून भेगाळली, की अर्थिंग नावापुरतेच उरते. आणि कपड्यांसाठी लोखंडी तारेऐवजी नायलॉनची दोरी, तीही गोठ्याला न बांधता दोन झाडांना.

त्या मुलाने वापरलेली रीत आमच्या वाचकांनी घरी लक्षात ठेवावी. प्रथम कोणते बटण पडले, ते पाहावे. त्यावरूनच भार वाढला की गळती झाली, याचा निम्मा निकाल लागतो. ते केव्हा पडते, याची नोंद करावी: पावसानंतर, सडा घातल्यावर, की विशिष्ट यंत्र लावल्यावर. मग सारे प्लग काढून बटण चढवावे. राहिले, तर एकेक वस्तू लावीत जावे. जिच्यामुळे पडेल, ती दोषी. प्लग काढूनही पडत असेल, तर दोष तारांत आहे आणि येथून पुढचे काम परवानाधारक वायरमनचेच. पेटीत साचलेले पाणी, सॉकेटमधली मुंग्यांची वारुळे, चिकटून मेलेली पाल, उंदराने कुरतडलेले आवरण, नुसती टेप गुंडाळलेला जोड, कोठेतरी अर्थिंगला भिडलेली न्यूट्रल, ही नेहमीची कारणे होत. कधी कोणा एकाचाच दोष नसतो; अनेक यंत्रांच्या लहान लहान गळत्या मिळून मर्यादा ओलांडतात, आणि तेव्हा बाहेरच्या वापरासाठी वेगळे रक्षक बटण बसविणे हाच उपाय असतो. आणि पुढे जाणाऱ्या सर्व तारा सोडवूनही जर ते पडत असेल, तरच बटण खराब ठरवावे व बदलावे. ते मत शेवटी यावे. आपल्याकडे ते सर्वांत आधी येते.

धरणाच्या काठावर याहून अवघड परिस्थिती आहे. शेतीपंपांना तीन फेजची वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने, काही दिवस दिवसा आठ तास तर काही दिवस रात्री दहा तास, अशी मिळत आली. रात्री वीज आली, की माणूस बॅटरी घेऊन ओल्या चिखलातून स्टार्टरच्या पेटीकडे जातो. ही खेप चुकावी म्हणून कोणी ऑटोस्विच बसवितो. मग वीज येताच साऱ्या मोटारी एकदम चालू होतात आणि रोहित्रावर भार पडतो. रिले पडू नये म्हणून कोणी तो कमाल मर्यादेवर फिरवून ठेवतो. मग मोटार जळते. त्या शेतकऱ्याला नावे ठेवणे सोपे आहे. रात्री दोन वाजता उसाला पाणी देणाऱ्या मनुष्याच्या जागी उभे राहिले, म्हणजे बटण पडण्याचा राग कोठून येतो, ते कळते. पण राग समजला, तरी बांधून ठेवलेला रिले सुरक्षित होत नाही. निदान पेटीला अर्थिंग असावे, केबलचे जोड पाण्याच्या कडेपासून वर खांबावर घ्यावेत आणि मोटार सरकविण्यापूर्वी वीज केवळ स्टार्टरवर नव्हे, तर मेन स्विचवर बंद करावी, एवढे तरी पाळता येण्यासारखे आहे.

वसईच्या वाडीतील विहिरीवरचा पंप असो, मुंबईतील इमारतीच्या आवारात सणाला लावलेली दिव्यांची माळ असो, की गावच्या अंगणातील नाताळचा तारा असो, आपण सारेच आता वीज उघड्यावर नेतो. घरात वापरण्याची माळ पावसात टांगतो. एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या गवतावर ठेवतो. बटण पडले, की पाहुणे येण्याच्या वेळेस हा काय अपशकुन, असे म्हणतो. वास्तविक ते बटण त्या क्षणी आपले काम करीत असते.

आम्हांला त्या अंगणातून परतताना अधिक विचार पडला तो निराळाच. त्या घरात सूचना देणारे तिघे होते. बटणाने सांगितले, त्याला वगळले. म्हशीने सांगितले, तिला हटवादी ठरविले. सुनेने तोंडाने, शब्दांत सांगितले, तिला हसण्यावारी नेले. तिघांचेही सांगणे एकच होते आणि एकाच वेळचे होते. कोणी ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. कुटुंबांच्या भेटीगाठी घेताना आम्हांला पुष्कळदा असे आढळते, की घरात काहीतरी गळते आहे हे पहिल्यांदा ज्याला जाणवते, तो बहुधा त्या घरात ज्याच्या शब्दाला वजन नाही असाच कोणी असतो: नवी आलेली सून, शाळकरी मूल, अंथरुणाला खिळलेली आजी. त्यांची कुरकुर बंद करता येते. ते काम फार सोपे असते, आणि नंतर घराला बरेही वाटते.

प्रत्येक रक्षक बटणावर ‘टी’ अक्षराची एक लहान कळ असते. महिन्यातून एकदा ती दाबावी. बटण पडले पाहिजे. न पडल्यास ते त्याच दिवशी बदलून घ्यावे. ती कळ दाबण्याचा दिवस ठरवून घ्या आणि त्याच दिवशी घरातल्या धुणे वाळत घालणाऱ्या, गोठा झाडणाऱ्या, नळाला हात लावणाऱ्या माणसांना विचारा, की कोठे झिणझिण्या येतात का. उत्तर आले, तर हसू नका. आधी मेन स्विच बंद करा आणि मग विचारा, कोठे आणि केव्हा.